कोपऱ्यातले सात खड्डे

मला चिखलाचा मनापासून तिटकारा आहे, आणि आयर्लंडच्या शेतात चिखलाशिवाय दुसरं काही नसतं. तरी मागच्या वर्षी मी जमिनीतला धातू शोधायचं यंत्र विकत घेतलं. हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं ते ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका नागपूरकराने. सँडीफोर्डला दिवसभर स्क्रीनकडे बघायचं आणि ॲडम्सटाउनला घरी येऊन पुन्हा स्क्रीनकडेच बघायचं, त्यापेक्षा शनिवारी मोकळ्या हवेत फिरू, असं तो म्हणाला. मोकळी हवा म्हणजे काय ते पहिल्याच शनिवारी कळलं. शेजारच्या शेतात टँकरने शेणाचं पाणी फवारत होते. तो वास जॅकेट तीनदा धुऊनही गेला नाही. बायकोने बूट घराबाहेर ठेवायला लावले, आणि आमच्या कन्येने, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर इंग्रजीतच देते, नाक दाबून "बाबा, दॅट्स रॉटन" एवढा निकाल दिला.

यंत्र म्हणजे दांडीला लावलेली एक थाळी. कानात हेडफोन घालून ती जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत चालायचं. खाली धातू असला की आवाज येतो. लोखंडाला घोगरा, चांदीला किणकिणता, आणि ॲल्युमिनियमला मधलाच कसलातरी. मग गुडघे टेकून गवताचा चौकोन कापायचा, तो उचलायचा आणि खालच्या गारेगार लगद्यात बोटं घालायची. मला मिळायच्या त्या कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या आणि बंदुकीच्या काडतुसांची बुडं. एकदा गाईच्या कानातला बिल्ला मिळाला, सोबत कान नव्हता एवढंच नशीब. नागपूरकराला एक नाणं सापडलं, तर त्याने त्यावर थुंकून ते अंगठ्याने घासलं आणि त्याच हाताने माझ्या डब्यातला पोळीचा रोल उचलला. उरलेले रोल मी त्यालाच देऊन टाकले.

या देशात असं यंत्र घेऊन पुरातन वस्तू शोधायच्या तर सरकारची परवानगी लागते, हे मला यंत्र घेतल्यावर कळलं. नागपूरकराकडे उत्तर तयार होतं. आपण पुरातन कुठे शोधतोय, आपण लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या शोधतोय. कोणाची अंगठी हरवली आहे का, असं आम्ही कधी कोणाला विचारलं नाही. ही पळवाट घाणेरडी आहे हे मला कळत होतं, तरी मी मान डोलावली. खरं तर मलाही जुनं सोनंच हवं होतं.

किलकेनीच्या अलीकडे नागपूरकराच्या घरमालकाच्या ओळखीतले एक म्हातारे शेतकरी राहत होते. ऐंशीच्या पुढचे, लग्न न केलेले, एकटेच. त्यांनी आम्हाला शेतात खुशाल फिरा म्हणून सांगितलं. फक्त फाटकाशी उभं राहून काठीने वर दाखवलं आणि म्हणाले, त्या कोपऱ्यात काटेरी झाडापाशी बारके दगड आहेत, तिथे जाऊ नका. का ते सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. इथले जुने लोक काटेरी झाडाखाली पऱ्या राहतात असं मानतात, झाडाला हात लावत नाहीत, असं नागपूरकराने मला मराठीत समजावलं, आणि म्हातारबाबांची पाठ वळल्यावर आम्ही दोघे हसलो. मी पुण्यात वाढलेला, शिकलेला माणूस. असल्या गोष्टींना हसायची सवय लहानपणापासूनची.

दुपारपर्यंत खालचं शेत पालथं घातलं. वरून पाऊस, खालून चिखल, आणि पिशवीत नुसत्या कड्या. माझं डोकं फिरलं. नागपूरकर ओढ्याच्या बाजूला गेला होता आणि म्हातारबाबांच्या घरातून तो कोपरा दिसत नव्हता. जिथे जायला मनाई तिथेच काहीतरी असणार, अशा चोराच्या हिशोबाने मी कुंपण ओलांडून वर गेलो. दगड मुठीएवढे होते, काही ओळीत, काही विस्कटलेले. मी त्यांच्याकडे धड बघितलंही नाही. कुंपणापासून झाडाच्या बुंध्यापर्यंत सात ठिकाणी आवाज आला आणि मी सात खड्डे केले, सगळे वीतभर खोल. सगळीकडे तोच तो मधला आवाज. पुन्हा कड्याच असणार म्हणून वैतागून मी हाताला लागेल ते मातीसकट कमरेच्या पिशवीत कोंबत गेलो. प्रत्येक खड्ड्यावर गवताचा चौकोन परत बसवून बुटाने असा दाबला की कोणाला ओळखू येऊ नये. त्या कामात माझा हात चांगला बसला होता.

नंतर म्हातारबाबांनी आम्हाला चहाला घरात बोलावलं. स्वयंपाकघरात ओल्या कुत्र्याचा आणि जुन्या चरबीचा वास होता. नागपूरकर इथे मुरलेला, त्याने स्वतःच प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, कप काढले. म्हातारबाबांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि काय मिळालं ते दाखवा म्हणाले. मीही ऐटीत पिशवी उलटी केली, बघा तुमचं शेत कसं साफ करून दिलं अशा थाटात. कड्या, पत्र्याची चुरगळलेली झाकणं, चिखलाचे गोळे. एक गोळा त्यांनी बोटांत चुरला. आतून नखाएवढं ॲल्युमिनियमचं पदक निघालं, मेरी मातेचं, इथल्या बायका पूर्वी आतल्या कपड्याला टाचून ठेवायच्या तसलं. ते त्यांनी स्वतःच्या चहात बुचकळलं आणि बाहीला पुसलं. मला शिसारी आली. आता ते आठवलं की शिसारी येते ती माझी मलाच.

पदकाची वरची कडी तुटलेली होती. तिच्याऐवजी कोणीतरी खिळा ठोकून एक वेडंवाकडं भोक पाडलं होतं. त्या भोकावर त्यांचा अंगठा थांबला.

मग ते बोलले, आमच्याकडे न बघता. ते सहा वर्षांचे असताना त्यांना बहीण झाली आणि तासाभरात गेली. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेल्या मुलांना तेव्हा चर्चच्या दफनभूमीत जागा नसे. आसपासच्या घरांतली अशी सगळी मुलं त्या कोपऱ्यात पुरलेली होती. आईने आपल्या अंगावरचं पदक काढून दिलं. त्याची कडी तुटली होती म्हणून वडिलांनी चुलीशी बसून खिळ्याने भोक पाडलं, ते म्हातारबाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पदक बाळाच्या दुपट्याला टाचलं आणि वडील खोकं घेऊन एकटेच वर गेले. कुठल्या दगडाखाली ते वडिलांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. आई रोज संध्याकाळी कुंपणाशी उभी राहायची. आत कधीच गेली नाही, आपला पाय नेमका लेकीवर पडेल या भीतीने.

मनाई असताना का गेलात, असं त्यांनी विचारलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या जागी होतं हे?"

आमच्याकडेही दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात आणि वर दगड ठेवतात. माझ्या आईला तो कोपरा फाटकातूनच ओळखू आला असता. मला तिथे गुडघे टेकून, हात आत घालूनही कळला नाही. पऱ्यांना हसलो होतो ना मी.

आम्ही वर गेलो. नागपूरकर कुंपणाशीच थांबला. म्हातारबाबा काठी टेकत माझ्याबरोबर आत आले, तेही आयुष्यात पहिल्यांदाच आत येत होते. मी खाली बघितलं. सातांपैकी जेमतेम चार चौकोन मला ओळखू आले, इतकं सफाईने मी सगळं झाकलं होतं. पदक त्या चारांतल्या एकात होतं की उरलेल्या तिनांत, मला माहीत नव्हतं. कुठे काय निघालं ते मी बघितलंच नव्हतं.

त्याच्याबरोबर आणखी काही होतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. नाही, फक्त माती, असं मी म्हणालो. तेही मी बघितलं नव्हतं.

मला माहीत नाही. तीनच शब्द होते आणि ते जिभेवर आलेही होते. मग मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि झाडाच्या बुंध्यापाशी, अगदी आतल्या चौकोनाकडे बोट केलं.

"हीच जागा," मी म्हणालो.

त्यांच्यासाठी खोटं बोललो असं स्वतःला सांगायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. पण तिथून लवकर सुटावं म्हणूनच बोललो. ते ओल्या गवतात गुडघ्यांवर बसले. मला चौकोन उचलायला लावला, पदक आत ठेवलं आणि तळहाताने माती सारली. उठायला हात मागितला, तो मी दिला, आणि उठल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. आईला फार बरं वाटलं असतं, असं म्हणून त्यांनी माझे आभार मानले. मी ते आभार घेतले. परतीच्या गाडीत नागपूरकराने विचारलं, "तुला खरंच माहीत होतं ना, यार?" मी हो म्हणालो.

यंत्र आता गॅरेजमध्ये पडलं आहे, त्याला हात लावायचीही किळस येते. मध्यंतरी नागपूरकर घरमालकाबरोबर तिकडे जाऊन आला. म्हातारबाबांची तब्येत चांगली आहे म्हणाला, चेहऱ्यावर समाधान आहे. बुंध्यापाशी त्यांनी एक पांढरा दगड बसवला आहे. रोज सकाळी न चुकता तिथे जातात, कुंपणापासून दगडापर्यंत गवतात छान पायवाट पडली आहे. तो हे मला बरं वाटावं म्हणून सांगत होता. बाकीचे सहाही खड्डे त्याच वाटेवर आहेत, आणि म्हातारबाबा आता न घाबरता त्यांवरून चालतात.