सत्काराला आले, मताला नाही

आमच्या मराठी मंडळाला सत्कार करायला फार आवडतं. कुणाच्या पोराला पोहण्याचं प्रमाणपत्र मिळालं तरी शाल-श्रीफळ तयार. या थंडीत नारळ कुठून पैदा करतात देव जाणे, पण करतात. मी हे वैतागून लिहिते आहे आणि वैताग लपवायचा माझा विचारही नाही. यंदा ज्या माणसाला त्यांनी शाल पांघरली, त्याला शाल नको होती. त्याला मतं हवी होती.

गुरुनाथ खांबेटे माझ्या समोरच्या घरात राहतात. आइंडहोव्हन या डच शहराला खेटून असलेल्या आमच्या गावात त्यांना वीसेक वर्षं झाली. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर. कार्यक्रमात मागच्या रांगेत बसायचं आणि सगळे गेले की खुर्च्या रचून ठेवायच्या, असा माणूस. राजकारणाशी संबंध एवढाच, की जेवताना मराठी बातम्या लावायच्या आणि दोन घास पोटात जायच्या आत वैतागून बंद करायच्या. असा माणूस नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो, तेव्हा त्याचं कुठेतरी फार दुखत असतं.

दुखणं घरातच होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, नीलांबरीताईंना, पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण वाचा गेली. डोक्यात सगळं लख्ख, तोंडातून शब्द फुटेना. बोलण्याचे व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, व्यायाम घरीही होतील, पण यांना रोज माणसं हवीत, चार माणसांत बसल्याशिवाय हे शब्द परत यायचे नाहीत. आता माणसं आणायची कुठून? मुलगी युट्रेख्टला शिकते. नवरा दिवसभर कामावर. आम्ही मराठी बायका सुरुवातीला डबे घेऊन गेलो, मग महिन्यातून एकदा गेलो, मग व्हॉट्सॲपवर फुलं पाठवू लागलो.

माणसं मिळाली ती कोपऱ्यावरच्या ब्यूर्टहाउसमध्ये, म्हणजे वस्तीच्या समाजघरात. तिथे रोज सकाळी डच म्हाताऱ्या कॉफी पीत रमीच्या ठोकळ्यांचा खेळ मांडतात. त्यांची म्होरकी तोनीआजी, ऐंशीच्या पुढची आणि फाटक्या आवाजाची. तिने नीलांबरीताईंना आपल्या शेजारी बसवलं आणि रोज विचारायला लागली, कॉफीत काय घालू? एके दिवशी ताई म्हणाल्या, "मेल्क." दूध. इतक्या महिन्यांनी फुटलेला पहिला शब्द, तोही डच. त्या दिवशी गुरुनाथराव गाडीत बसून रडले, हे त्यांनीच मला सांगितलं. पुढे मराठी शब्दही एकेक करून आले. वर्षभरात ताई तुटक का होईना, वाक्यं बोलू लागल्या.

आणि मग खेमेंतेने, म्हणजे नगरपालिकेने, ठरवलं की हे समाजघर बंद करायचं. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवं मोठं केंद्र होणार, तिथे जा. म्हाताऱ्या तिथे कशा जाणार, याचं उत्तर बस असं होतं. बस तासाला एक. शेवटचा निर्णय निवडणुकीनंतरची नवी नगरसभा घेणार होती, आणि तिथे दोन्ही बाजू अगदी अटीतटीच्या. समाजघर वाचवू म्हणणाऱ्या छोट्या स्थानिक पक्षाला आणखी एक जागा मिळाली, तर ते वाचणार होतं. पक्षाच्या लोकांनी गुरुनाथरावांना विचारलं, तुम्ही उभे राहाल का? तुमचे इतके लोक आहेत या वस्तीत.

आमचे लोक खरंच आहेत, घराआड घर. शिवाय पाच वर्षं इथे कायदेशीर राहिलेल्या माणसाचा पासपोर्ट भारतीय असला तरी त्याला नगरपालिकेत मत देता येतं, उभंही राहता येतं. गुरुनाथरावांनी हो म्हटलं. माणूस पहिल्यांदाच पुढच्या रांगेत आला.

यंदा मतदान नेमकं पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं. त्याआधीच्या रविवारी पाडव्याच्या कार्यक्रमाची तालीम होती, त्याच समाजघरात. मंडळाचे सगळे कार्यक्रम तिथेच व्हायचे. मंडळाचा अध्यक्ष विराज याने माइक घेऊन जाहीर केलं, "आपले गुरुनाथकाका कौन्सिलला उभे आहेत. काका, फुल सपोर्ट! अख्खं मंडळ तुमच्या मागे आहे." टाळ्या. फोटो. ताई पहिल्या रांगेत होत्या, त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. खूश होत्या हो त्या.

तालीम संपल्यावर विराजने गुरुनाथरावांच्या हातात कापडी पिशवी ठेवली. आत घरोघरी पोस्टाने आलेली मतदानाची कार्डं होती, मागे सह्या करून. इथे आजारी किंवा अडलेल्या माणसाला आपलं कार्ड सही करून दुसऱ्याकरवी मत टाकता येतं. आमच्या लोकांनी त्याचं काय करावं? पाडव्याच्या जेवणाची नावं गोळा करतात तशी कार्डं गोळा केली.

"काका, सगळ्यांचं एकदमच टाकून या ना," विराज म्हणाला. "वर्किंग डे आहे, कुणाला जमणार नाही. तुम्ही जाणारच आहात."

"अरे विराज, एका माणसाला स्वतःशिवाय फक्त दोघांचं मत देता येतं," गुरुनाथराव म्हणाले. "आणि मी उमेदवार आहे. मी अशी कार्डं गोळा केली तर तो गुन्हा आहे."

"कोण बघतंय, काका?"

"पोलिंगवाले बघतात. आणि नसते बघत तरी मी केलं नसतं."

सोमवारी आणि मंगळवारी कामावरून आल्यावर ते सायकल काढून घरोघर फिरले, ज्याचं कार्ड त्याला परत द्यायला. मी सोबत होते, म्हणून कुणाच्या दारात काय ऐकलं ते सांगू शकते. श्रीहर्ष म्हणाला, इथे मत दिलं आणि उद्या भारतीय पासपोर्टला प्रॉब्लेम आला तर? तसं काही होत नाही म्हटल्यावर म्हणाला, तरी रिस्क कशाला. भार्गवी म्हणाली, तो मतपत्रिकेचा चादरीएवढा कागद आणि सगळा डचमध्ये, चुकलं तर हसं व्हायचं. कुणी म्हणालं, ही काही मोठी निवडणूक नाही, पंतप्रधान थोडाच बदलणार आहे. कुणी म्हणालं, रस्ते चांगले, कचरा वेळेवर उचलतात, मत कशासाठी द्यायचं? आणि बरेच जण म्हणाले, आपण इथे पाहुणे, आपल्याला काय करायचंय. पाहुण्यांनी घरं घेतली आहेत, मागच्या अंगणात कढीपत्ता लावला आहे, पण पाहुणे. एकदोघांना तर कार्ड परत दिल्याचा रागच आला. एवढा विश्वास टाकला आणि काका नियम शिकवतात!

गुरुनाथराव प्रत्येक दारात एकच सांगत होते, "दहा मिनिटांचं काम आहे. नीलांबरीसाठी या."

"येतो ना काका, नक्की," प्रत्येकजण म्हणाला.

बुधवारी समाजघरातच मतदान केंद्र होतं. सकाळीच तोनीआजी आपली सगळी फौज घेऊन आली, चालताना आधाराला धरायच्या ढकलगाड्यांसकट. ताईंनी स्वतः जाऊन लाल पेन्सिलीने नवऱ्याच्या नावापुढचा गोल भरला. मीही मत दिलं. त्यात मोठेपणा काही नाही, मला नुसता रस्ता ओलांडायचा होता. गुरुनाथराव बाहेर सायकली लावतात तिथे वाऱ्यात उभे राहिले. संध्याकाळी ऑफिसं सुटली तशा आमच्या लोकांच्या सायकली आणि गाड्या समोरून जाऊ लागल्या. सगळ्यांनी त्यांना हात केला. पाडव्याच्या खरेदीची घाई होती, पोरांचे पोहण्याचे क्लास होते, अमेरिकेचे कॉल होते. केंद्र बंद होईपर्यंत ते तिथेच होते. मी दोनदा चहा नेऊन दिला, दोन्ही वेळा तो गार झाला.

पाडव्याच्या सकाळी ते बाल्कनीत गुढी बांधत होते, तेव्हा पक्षाचा फोन आला. जागा हुकली होती. विराजच्या त्या पिशवीत जितकी कार्डं होती, त्याहूनही कमी मतांनी. मग केंद्रागणिक आकडे आले. आमच्या केंद्रावर गुरुनाथरावांना जी मतं होती, ती त्यांनी बोटांवर जुळवली: तोनीआजीचं टेबल, ते दोघं, मी. हिशोब तिथेच संपला. मला त्या क्षणी सगळ्या मंडळाची मनापासून किळस आली. त्यांना आली नाही, किंवा आली असली तरी ते बोलले नाहीत.

शनिवारी पाडव्याचा कार्यक्रम. पुरणपोळी, नऊवारी, पोरांचे नाच. विराजने माइकवर सांगितलं, "आपल्या मंडळातून निवडणूक लढवणारे पहिलेच. काका, वुई आर प्राउड ऑफ यू!" शाल आली, श्रीफळ आलं. गुरुनाथरावांनी मान खाली घालून ते घेतलं. त्यांना भांडता येत नाही. मग विराज म्हणाला, काकूंनीही दोन शब्द बोलावेत, आणि त्याने माइक ताईंच्या तोंडासमोर धरला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तर वाईट आहे.

ताईंनी समोर बघितलं. एकेक शब्द ओढून काढत त्या म्हणाल्या, "आता... मी... सकाळी... कुठे जाऊ?"

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. त्या बोलल्या, याचंच कौतुक असावं. मग सगळ्यांनीच वाजवल्या, काही बायकांनी डोळेही पुसले, आणि पुढच्या नाचाचं गाणं सुरू झालं.

उन्हाळ्यात समाजघर बंद झालं. तोनीआजी सुरुवातीला दोनदा बसने नव्या केंद्रात गेली, मग तिनेही सोडलं. नीलांबरीताई आता बोलत नाहीत. गुरुनाथराव सकाळी त्यांना खिडकीशी बसवून कामावर जातात. संध्याकाळी आल्यावर विचारतात, आज कोण आलं होतं? ताई हाताने सांगतात, कुणी नाही.