पंचवीसच्या फिल्मवरचा हात

शहजाद शिकलगारच्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी, स्टीलचा एक डबा असतो. त्यात फिल्मचे रोल असतात. ब्लॅक अँड व्हाइट, पंचवीसचे. त्याची आई इमामबी अधूनमधून म्हणते, "ह्यो डबा काढ. दह्याला जागा न्हाय." तो काढत नाही.

पंचवीस हा फिल्मचा वेग. आकडा जितका लहान, तितकी फिल्म मंद. चारशेची फिल्म पापणी लवायच्या आत फोटो घेऊन मोकळी होते. पंचवीसच्या फिल्मला उजेड भरपूर लागतो, नाहीतर वेळ तरी. त्या वेळात कॅमेरा हलला तर फोटो गेला. माणूस हलला तर माणूस गेला. पण दोघंही थांबले, तर साडीच्या काठातला धागा न धागा दिसतो.

शहजाद चौतीस वर्षांचा आहे. मंगळवार पेठेत राहतो. लग्नाचे फोटो डिजिटलवर काढायचा, स्वतःसाठी फिल्म वापरायचा. मी अमरसिंह, त्याचा मित्र, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. मराठीत एम.ए. केलं. नोकरी लागेपर्यंत त्याच्या कॅमेऱ्याचा स्टँड उचलतो.

दिवाळीनंतर, ऐन लग्नसराईत, त्यानं सगळी लग्नं आदर्शला देऊन टाकली. आदर्श त्याचा भागीदार.

"मी आता फकस्त फिल्मवर काढणार," शहजाद म्हणाला.

"पंचवीसच्या?" आदर्श म्हणाला. "पावणं, तुमचा एक फोटो हुईस्तोवर नवरी सासरला जाऊन माघारी यील की!"

सगळे हसले. शहजादही हसला. मला ते वेड वाटलं, पण चांगलं वेड. आम्ही एस.टी.नं चंदगडला गेलो. काजूच्या झाडांचे, ओल्या भिंतींचे फोटो काढले. कॅमेरा कायम स्टँडवर. बटण बोटानं दाबायचं नाही, त्याला जोडलेल्या तारेच्या खटक्यानं दाबायचं. एकदा मी म्हटलं, "एवढं ऊन आहे. आता कशाला स्टँड?"

"पंचवीसची हाय," तो म्हणाला.

मला ते उत्तर पुरलं.

फेब्रुवारीत एका सकाळी तो मला भिंतीवरच्या फोटोसमोर घेऊन गेला.

"हा कधी नीट बघितलास का?"

मी रोजच बघत होतो. ईदचा फोटो, पंचवीसच्याच फिल्मवरचा. मध्ये त्याचे अब्बा, मीरासाब. त्यांचा गारगोटीच्या बाजारात स्टुडिओ होता. एका बाजूला इमामबी, दुसऱ्या बाजूला कोवळा शहजाद. मीरासाबांनी कॅमेऱ्याचा टायमर लावला होता आणि पळत येऊन मध्ये बसले होते. इमामबीच्या ओढणीवरची जर दिसत होती. शहजादच्या शर्टाची बटणं दिसत होती. मीरासाबांच्या मिशीचा केस न केस दिसत होता. फक्त मांडीवरचा त्यांचा उजवा हात धुरासारखा होता.

"आम्ही लै हसलो," शहजाद म्हणाला. "आख्ख्या गारगोटीला हलू नका, हलू नका म्हणून दम देणारा माणूस स्वतःच हललाय. अब्बा म्हणाले, मी हललो न्हाय. आम्ही आणखी हसलो. पण ते खरं बोलत हुते. त्यांना ठावंच नव्हतं."

वर्षभरानं डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मीरासाबांचे शेवटचे दिवस मी पाहिले होते. शर्टाचं एक बटण लावायला त्यांना अर्धी सकाळ लागायची. मग तेही सुटलं.

"डॉक्टरच्या आदी फिल्मला कळलंतं," शहजाद म्हणाला.

मग त्यानं स्वतःचा उजवा हात मांडीवर ठेवला. मी बघितलं. हात स्थिर होता.

"बघत असलो की थांबतो," तो म्हणाला. "न्हाय बघितलं की काय करतो, ते मला ठावं न्हाय."

तेव्हा मला स्टँड कळला. तारेचा खटका कळला. आदर्शला दिलेली लग्नं कळली.

"फोनवर व्हिडिओ काढू," मी म्हटलं.

"फोन सगळं सावरून घेतोय. आन् लगीच दाखवतोय. मला लगीच नको."

"मग डॉक्टर?"

"डॉक्टरनं नाव घेतलं की ते घरात आलं."

तो फिल्मवर बघणार होता. दोन्ही हात टेबलावर ठेवायचे. नजर दुसरीकडं. खटका मी दाबायचा. पंचवीसची फिल्म, खिडकीचा उजेड. दोन-तीन सेकंद तरी कॅमेऱ्याची झडप उघडी राहणार. त्या वेळात हात हलला तर धूर.

आम्ही तसा आख्खा रोल काढला. तो भिंतीकडं बघून माझ्याशी बोलत होता, फुटबॉलच्या मॅचविषयी, काहीही. मी हाताकडं बघितलं नाही. धीर झाला नाही.

फिल्म धुवायची जागा म्हणजे त्यांची न्हाणी. आतल्या खिळ्याला मीरासाबांच्या स्टुडिओतला लाल दिवा टांगलेला आहे. ते वापरायचे त्या जुन्या फिल्मला लाल उजेड चालायचा. आताच्या फिल्मला तोही चालत नाही. रोल उघडून चकरीवर गुंडाळायचा, चकरी काळ्या डबीत बंद करायची, तोवर गच्च अंधार. मागं एकदा त्या वेळी माझा हात चुकून दिव्याच्या बटणाकडं गेला होता. शहजाद केवढ्यानं ओरडला होता! "एका लाल मिनटात आख्खा रोल काळा हुतोय, शहाण्या!"

तो रोल घेऊन आत गेला. मी नेहमीसारखी दाराच्या फटीला बाहेरून वाकळ लावली. बोळातला दिवा बंद केला. दाराला पाठ टेकून बसलो. डबी बंद झाली की तो आतून "झालं" म्हणतो, मगच दिवे लावायचे.

"झालं" आलं नाही. बिजागरीजवळ एक लाल रेघ दिसली.

विसरला, असं मला आधी वाटलं. मग आठवलं, तो विसरत नाही. मला ओरडायला हवं होतं. मी वाकळ तशीच दाबून धरली. ती रेघ बराच वेळ होती. आत काही पडलं नाही, कुणी शिवी घातली नाही. रेघ गेली. मग शांतपणे तो म्हणाला, "झालं."

फिल्म बाहेर आली ती डांबराच्या पट्टीसारखी. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी.

"जुना झालता रोल," शहजाद म्हणाला.

त्याचा चेहरा सैल पडला होता. परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखा. त्या चेहऱ्याची मला जास्त भीती वाटली. हा असाच रोल काळे करत राहील, आणि मी वाकळ लावत राहीन.

इमामबी चहा घेऊन आली. माझा कप काठोकाठ होता. त्याचा अर्धा. मी बघत राहिलो. त्यानं माझ्या नजरेवरून स्वतःच्या कपाकडं बघितलं.

"अम्मी, अर्धाच का?"

"लागला तर परत घे की."

"त्याला पूर्ण दिलास."

इमामबी पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "तुज्या अब्बाला बी मी आदी अर्धाच द्यायची. सांडंना मग. त्यांना वाटायचं, साखर महाग झालीया."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. शहजादनं कप उचलला नाही. तो उठला आणि न्हाणीत गेला. मीरासाबांचा लाल दिवा होल्डरमधून काढून आणला आणि आईच्या हातात दिला. मग फ्रीज उघडला. डब्यात एकच रोल उरला होता.

"आता तू धुवायचा," तो मला म्हणाला.

"मला येत नाही."

"मी भाईरनं सांगतो."

"खराब झाला तर?"

"तुझ्यानं झाला तर चालतंय. माझ्यानं परत व्हायला नको."

तो खुर्चीत बसला. हात टेबलावर ठेवले, शेजारी शेजारी. तोंड ईदच्या फोटोकडं केलं. मी तारेचा खटका हातात घेतला. माझा अंगठा घामानं सटकत होता.

"म्हण की," तो म्हणाला.

"काय?"

"अब्बा म्हणायचे ते."

मला ते म्हणवेना. स्वयंपाकघरातली भांडी थांबली. इमामबी दारात उभी होती, दिवा अजून तिच्या मुठीत.

"हलू नका," मी म्हणालो.

खटका दाबला. झडप उघडली. सेकंद एवढे लांब असतात हे मला माहीत नव्हतं.

रोल संपला, तसा तो घेऊन मी न्हाणीत गेलो. आतल्या अंधारात स्वतःचा हातही दिसत नव्हता. दाराबाहेर शहजाद होता. त्यानंच वाकळ लावली होती. "चकरीचा खाचा सापडला? त्यात टोक सरकव. दाबू नगंस. बोटं काठाला, मदी न्हाय." आवाज एकदम सपाट. जणू ती फिल्म कुणा गिऱ्हाइकाची होती. दोनदा टोक सुटलं. माझी बोटं थरथरत होती. मनात आलं, हे भीतीनं. मग त्याचीही भीतीनंच थरथरत असतील. दार उघडून त्याला ते सांगावंसं वाटलं. डबीचं झाकण फिरवलं.

"झालं," मी म्हणालो.

पुढची औषधं, पाणी, सगळं त्यानं सांगितलं तसं केलं. त्यानं कशालाच हात लावला नाही.

ओली फिल्म मी खिडकीशी धरली. निगेटिव्ह, म्हणजे सगळं उलटं. उजळ ते काळं, काळं ते उजळ. टेबलाच्या लाकडातल्या रेषा दिसत होत्या. घड्याळाच्या पट्ट्याची भोकं दिसत होती. डाव्या हाताच्या नखांच्या कडा दिसत होत्या. उजव्या हाताचा पंजा होता, मनगट होतं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नव्हतं. तिथं धूर होता.

पुढच्या फोटोतही. त्याच्या पुढच्याही.

शहजादनं फिल्म माझ्या हातून घेतली नाही. मान वाकडी करून, एकेक फोटो, तो शेवटपर्यंत बघत गेला. मी त्याच्याकडं बघू शकलो नाही.

"फोकस मातूर लै भारी बसलाय की," तो म्हणाला.

फिल्मचं पाणी माझ्या कोपरावरून खाली ठिबकत होतं.

"उद्या दवाखान्यात येतोस?" त्यानं विचारलं. "स्टँड उचलायचा न्हाय."

"येतो."

इमामबी आत आली. तिनं फिल्मकडं बघितलं नाही, आमच्याकडं बघितलं. मग टेबलावरचा गार झालेला कप उचलला.

"दुसरा ठेवू?"

"ठेव," शहजाद म्हणाला. "अर्धाच."