मधल्या खोलीतली तार

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी लग्न होऊन आले तेव्हा पावसाळ्यात कपडे वाळायचे ते खुर्चीच्या पाठीवर, नाहीतर दाराच्या फळीवर. मी शाळेत शिकवायची. दमट परकर घालून दिवसभर फळ्यासमोर उभी. कमरेला, अगदी नाडीखाली, नायटा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मलम देते. पण खडखडीत वाळलेला परकर घातलात तरच जाईल."

नवरा शेडमध्ये फिटर. "एवढंच ना?" म्हणाला आणि रविवारी मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोलादी तार ताणली. बोटाएवढे जाड हूक ठोकले. मग स्वतः तारेला लोंबकळून दाखवलं. शेजारची चार माणसं बोलावली आणि पुन्हा लोंबकळला. "हत्ती वाळत घाला!" तोरा तर असा, जणू भीमेवर पूलच बांधला!

मी लगेच तीन परकर टाकले. दुपारी सासरे जेवायला उठले आणि उंबऱ्यातच थांबले. स्वयंपाकघराची वाट त्या तारेखालूनच होती.

"बाईच्या परकराखालनं मी जायचो न्हाई. आधी ते काढ, मग ताट वाढ."

मी नवऱ्याकडे बघितलं. हत्तीवाले पेपरात तोंड खुपसून बसले होते.

"मोरीत घाल की गं. आप्पांचं वय झालंय."

"मोरीत वाळतात होय कपडे?"

"दोन दिवस जास्त लागतील, एवढंच."

मग काय! तारेवर याचा डगला, सासऱ्यांचं धोतर, पायपुसणंसुद्धा. माझे परकर मोरीतल्या सुतळीवर. हत्ती चालला असता, माझा परकर तेवढा जड झाला!

नायटा पसरत गेला. शाळेत पोरांकडे पाठ करून खाजवायची वेळ आली. रडू यायचं मला. दोनदा घरी सांगितलं. "ऊन पडलं की जाईल," हे फिटरसाहेबांचं डॉक्टरी ज्ञान.

गणपतीच्या आसपास साहेबांचीच कंबर खाजायला लागली. एका अंथरुणातला रोग तो, जाणार कुठं? डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून विचारलं, "परकर कुठं वाळतात?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सांगा की आता."

घरी आल्या आल्या त्याने मोरीतले परकर उचलले आणि स्वतःच्या हातांनी तारेवर पसरले, काठ सारखे करून!

"काढ ते," सासरे उंबऱ्यातून गरजले.

"न्हाई काढायचं, आप्पा. मला नायटा झालाय."

"तुला? कुठं? बघू," म्हणत सासरे हाताने परकर बाजूला सारत, तारेखालून थेट लेकापाशी आले. त्याचा सदरा वर करून कंबर न्याहाळली. "लई आग व्हतीय का रं?"

मी तिथेच उभी होते. दोन महिने माझी कंबर सोलून निघत होती, आणि मला हे कुणी एकदाही विचारलं नव्हतं.