चढावर बंद पडणारा लष्करी ट्रक

लष्कराच्या लिलावातून आलेला तो जुना डिझेल ट्रक माझ्याकडं तक्रार घेऊन आला, तेव्हा मे महिना होता आणि मी थकलेलो होतो. नुसता त्या दिवशी नाही, एकूणच. पस्तीसेक वर्षं गाड्यांखाली सरपटण्यात गेलेली. मुकुंदवाडीच्या पुढं माझं पत्र्याचं गॅरेज आहे. दुपारी तिथं पाना हातात धरवत नाही.

मालकानं ट्रकवर पाण्याची टाकी बसवून घेतली होती. शहराच्या कडेला, टेकडीच्या अंगावर झालेल्या वसाहतींत नळ नाहीत. तिथं हा ट्रक रोज चार खेपा करायचा. चालवणारा एक निवृत्त फौजी होता. नोकरीत असताना त्यानं असाच ट्रक बर्फाच्या डोंगरांत चालवलेला. बोलायचा कमी.

"तासभर झकास चालतो, मिस्तरी," तो म्हणाला. "चढ लागला की दम सोडतो. दहा मिनिटं उभा केला की पुन्हा सुरू. आन् बंद पडल्यावर हातपंप दाबला तर दांडा वर येत नाय, आत ओढल्यावानी राहतो. डिझेल मागूनच येत नाय."

हातपंप म्हणजे इंजिनाच्या अंगाला असलेला छोटा दट्ट्या. त्यानं टाकीतलं डिझेल हातानं ओढून घेता येतं. फौजी जे सांगत होता ते नेमकं होतं. मी ते ऐकलं नाही.

"मागून बरोबर येतंय," मी म्हणालो. "पाईप गेल्या वर्षी मीच बदललाय."

मी फिल्टर बदलले, लाईनमधली हवा काढली, इंजिन तासभर जागेवर चालवून पाहिलं. एकदाही अडखळलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक चढावर पुन्हा बंद. मी टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप नवा टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद, आणि वर वसाहतीत बाया हंडे मांडून उन्हात उभ्या.

त्या संध्याकाळी मालकाचा फोन आला. "मिस्तरी, खरं सांगा. बिघाड गाडीत हाय का डायव्हरच्या डोक्यात? चार खेपा नको वाटत असतील त्याला."

"माझ्यासमोर तर एकदाबी बंद पडली नाही," मी म्हणालो.

"म्हंजी तोच बंद पाडतो."

मी गप्प बसलो. नाही म्हणायला डोक्याला ताण द्यावा लागला असता आणि मला घरी जाऊन पडायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकवर फौजीच्या जागी नवा ड्रायव्हर होता.

दुपारी त्या नव्याचा फोन आला. ट्रक चढावर बंद.

मी मोटारसायकलनं तिथं गेलो, ट्रक सुरू होईपर्यंत थांबलो आणि पुढच्या खेपेला स्वतः केबिनमध्ये बसलो. अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज बसत गेला आणि ट्रक थांबला. मी खाली उतरून हातपंप दाबला. दांडा आत गेला आणि आतच राहिला. फौजीनं सांगितलं होतं तस्साच.

टाकीकडून पंपाकडं येणारा रबरी पाईप मी दोन्हीकडून सोडवला. बाहेरून काळा, गुळगुळीत, नव्यासारखा. ब्लेडनं उभा चिरला. आतला थर डिझेलनं फुगून सुटला होता आणि जिभेसारखा लोंबत होता. चढावर इंजिन जोरानं डिझेल ओढायचं, की ती जीभ भोकावर बसायची. इंजिन थांबून ओढ ओसरली की पुन्हा मोकळी.

मग मला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात हा पाईप मी शहागंजच्या बाजारातून आणला होता. दुकानदार म्हणाला होता, "ये पानी का है मिस्तरी, डिझेल को नक्को. कल आव, दूसरा देता." मला त्या गर्दीत दुसऱ्या दिवशी परत यायचा कंटाळा आला होता. मी म्हणालो, "चलता है."

योग्य पाईप टाकला. ट्रक त्या दिवसापासून बंद पडला नाही. मी मालकाला फोनवर सगळं सांगितलं. "जाऊ द्या," तो म्हणाला, "चालू झाली ना!" फौजीला कळवतो म्हणाला. चार दिवसांनी कुणाकडून तरी समजलं, कळवलंच नव्हतं.

म्हणून मी फौजीच्या घरी गेलो. स्टेशनच्या मागं दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी त्याचा गणवेशातला फोटो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी चिरलेला पाईप त्याच्यापुढं ठेवला. त्यानं आत बोट फिरवलं.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"व्हय."

"मग मालकापुढं गप का बसला?"

"माझंच काम मला तपासायचं नव्हतं. लई थकलो होतो."

"थकवा मलाबी हाय, मिस्तरी."

मी त्याच्यासमोर मालकाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सांगितलं की चूक माझी होती, फौजी पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होता. मालक म्हणाला, "उद्यापासून या म्हणावं त्यांना."

फौजीनं नाही अशी मान हलवली. त्याला एका कारखान्याच्या गेटवर काम मिळालं होतं. फोन ठेवल्यावर तो हळू म्हणाला, "ट्रक गेल्याचं काय नाय. हिनं मला इचारलं, खरंच तुम्ही मुद्दाम बंद पाडत होता का. वीस वर्षं फौजेत काढून हे ऐकावं लागलं."

बायको दारातच उभी होती. मी उठून तिला म्हणालो, "वहिनी, यांनी काही केलं नव्हतं. पाईप मी चुकीचा टाकला होता."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. "चहा टाकते," म्हणाली.

चहा फार गोड होता. आम्ही दोघांनी तो संपवला. त्याच्या ड्यूटीची वेळ झाली होती. तो कपडे बदलायला आत गेला आणि मी चपला घालून बाहेर पडलो.