लंगडीच्या लेकी

कंडक्टरमावशींनी नोकरी सोडली, पण नोकरीने काही मावशींना सोडलं नाही. उभी हयात बसमध्ये तिकिटांना पंच मारण्यात गेलेली. आता घरामागच्या अंगणात दहा-बारा कोंबड्या होत्या आणि सकाळी खुराड्याचं दार उघडलं की मावशींचं सुरू व्हायचं, "चला, पुढे सरका, दारात गर्दी नको." कोंबड्या बिचाऱ्या प्रवाशांपेक्षा लवकर ऐकायच्या.

खुराडं मावशींचं असलं तरी अंगण थोरल्या जाऊबाईंचं. म्हणजे कागदोपत्री दोघींचं, पण थोरली जिथे उभी राहील तिथलं सगळं तिचंच, असा तिचा खाक्या. बाई मनाने वाईट नव्हती हो. कुणाला साधा ताप आला तरी सगळ्यात आधी पेज घेऊन हीच हजर. पण एकदा शब्द तोंडातून गेला की तो मागे घ्यायचा असतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या कोंबड्यांत एक होती लंगडी. लहान असताना वाऱ्याने दार आपटलं, त्यात तिचा पाय सापडला. तिला उडी मारता यायची नाही, म्हणून वरच्या कप्प्यात न चढता ती खाली एका फुटक्या घमेल्यात अंडं घालायची. अंडं टपोरं, आणि खाडा जवळजवळ नाहीच. मावशींचा तिच्यावर भारी जीव. थोरलीला मात्र ती डोळ्यांसमोर नको. थोरलीची लाडकी राणी, तिने स्वतः बाजारातून पारखून आणलेली. लंगडीची पिल्लं लंगडीच निपजणार, सगळा वंश बिघडणार, असं तिचं ठाम मत.

"पाय दारात सापडला, ताई, अंड्यात नाही," मावशी म्हणाल्या.

थोरलीने ते कानाआड केलं आणि निकाल देऊन टाकला. यंदाची पिल्लं वाढली की त्यांतल्या चांगल्या पाच तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या, ठेवायच्या. बाकीची पिल्लं आणि ही लंगडी जातील खाटकाकडे. कपडे वाळत घालायला अंगणात जागा उरलेली नाही, आणखी काय ऐकायचंय?

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण थोरलीशी तोंडाला तोंड लावून आजवर कुणी जिंकलं नव्हतं, हे त्या जाणून होत्या. त्यांनी ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं. लंगडीची अंडी घमेल्यातली, त्यामुळे त्यांत घोटाळा नाही. त्या अंड्यांवर पेन्सिलीने फुली मारली, थोरली रोज स्वतः वेचायची ती राणीची अंडी कोरीच ठेवली आणि सगळी एका खुडूक कोंबडीखाली बसवली. टरफलांना चिरा पडल्या तशी ती बल्ब लावलेल्या खोक्यात हलवली. मध्ये पुठ्ठा उभा केला, फुलीची अंडी एका बाजूला, बिनफुलीची दुसऱ्या. थोरली हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती.

पिल्लं निघाली. पण राणी काय, लंगडी काय, दोघी तपकिरीच. पुठ्ठा काढला की कोण कुणाचं, हे कुणाच्या बापाला ओळखता आलं नसतं. मावशींनी घरात सापडलं ते लाल नेलपॉलिश घेतलं आणि लंगडीच्या प्रत्येक पिल्लाच्या डोक्यावर एकेक टिपका दिला. केवढ्या खूश झाल्या! पुठ्ठा काढला आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा उकळेपर्यंत इकडे भलतंच झालं. लाल दिसलं की कोंबडीची जात टोचणारच, तिला ते रक्त वाटतं. सगळी पिल्लं त्या टिपक्यांवर तुटून पडली होती. एक तर जागीच गेलं. त्या मेलेल्या पिल्लाला ओंजळीत घेऊन मावशी खोक्यापाशीच बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. आपल्या हाताने आपणच लंगडीचं वाटोळं केलं, असं वाटलं त्यांना. थोरली पुढे आली. पुठ्ठा उचलून पुन्हा मध्ये लावला, लाल डोक्याची एकेक अलीकडे घेतली आणि टोचलेल्या जागी जांभळं औषध लावून दिलं.

कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी उपाय सांगितला. पिल्लाच्या दोन बोटांमध्ये पातळ कातडी असते, तिला बारीकसं छिद्र पाडायचं, ते जन्मभर राहतं. त्यासाठीचा इवलासा पंचही त्याने वापरायला दिला. पंच! लाखो तिकिटांना भोकं पाडलेला हात, पण पहिल्याच पिल्लापाशी अडून बसला. तिकिटाला कुठे दुखतं? शेवटी मावशींनी लंगडीची पिल्लं थोरलीला धरायला लावली. ती तोंडाने कुरकुरत होती, पण धरत होती अगदी अलगद. कट्. पिल्लू एकदा चिवचिवलं आणि खाली सोडताच दाण्यांकडे पळालं. मग नेलपॉलिश लागलेली लव कात्रीने कापून टाकली, आणि सगळा गोतावळा एक झाला.

पुढे मावशींनी त्यांना डोळ्यांत तेल घालून वाढवलं. मांजर, घार, पावसाळी सर्दी, सगळ्यांना पुरून उरल्या. नर निघाले ते वेळेवर वेगळे झाले. तलंगा अंगावर भरल्या, तुरे लाल झाले, आणि थोरलीने निवडीचा दिवस मुक्रर केला.

मावशींचा जीव टांगणीला लागलेला. तरी त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हीच निवडा."

"मीच निवडणार. आणि मला पाय बघायची गरज नाही, चालीवरून कळतं."

थोरलीने पदर खोचला. अंगणभर फिरून, वाकून, छाती चाचपून, डोळ्यांत बघून तिने पाच उचलल्या आणि मोठ्या टोपलीखाली झाकल्या. या राणीच्या, असं तिने शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

मावशींनी टोपलीखाली हात घालून पहिली काढली. पाण्याने पंजा धुतला, बोटं फाकवली. कातडीत छिद्र, आरपार उजेड दिसेल असं. दुसरी काढली. छिद्र. तिसरीला छिद्र. चौथीची बोटं फाकवेपर्यंत मावशींना पुढचं नीट दिसेना, डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. तिलाही छिद्र. ज्यांचा वंश बिघडणार होता त्या चार जणी थोरलीने स्वतःच्या पारखी हाताने उचलल्या होत्या. आयुष्यात इतकं ताठ उभं राहिल्याचं मावशींना आठवत नव्हतं.

पाचवी थोरलीने स्वतः बाहेर काढली. पंजा धुतला. बोटं फाकवली, कातडी अंगठ्याने चोळली, उजेडाकडे धरली, पुन्हा चोळली. छिद्र नव्हतं. ती राणीचीच होती.

थोरलीने तिला खाली सोडलं आणि मावशींकडे न बघता म्हणाली, "हिला पंच मारायचा विसरलीस तू. आणि त्या लंगडीला सावलीत घे, ऊन चढलंय."