नावाडीण आणि फिरता चषक

नावाडीण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे होडी येते. या बाईचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. ती नावं घालायची: चषकांवर, ढालींवर, पदकांच्या पाठीवर. बाजारातल्या कुणा टवाळानं एकदा तिला नावाडीण म्हटलं आणि ते असं चिकटलं की शेजारीपाजारी तिचं खरं नाव विसरून गेले. तिला त्याचं काही वाटलं नाही, उलट ती मिरवायचीच. "पार करते मी माणसांना," म्हणायची, "पण जिंकलेल्यांनाच. हरलेल्यांनी पोहत यावं."

हे ऐकून कुणाला बाई खडूस वाटली असेल, तर ती होतीच. तिच्या कामाला कुणी 'नक्षीकाम' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला ती दारातूनच वाटेला लावायची, आणि मग दिराला त्याच्या मागे धावावं लागायचं.

दुकान दिराचं. पुढे बॅटी, बूट, शिट्ट्या आणि जाळ्या, मागे एका खिडकीची खोली. तिचा नवरा याच खोलीत बसून नावं घालायचा. छिन्नी कशी धरायची, हातोडी मनगटातून कशी टाकायची, वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर चषक कसा निजवायचा, हे सगळं त्यानंच तिला शिकवलं. तो गेला तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही आता घरी आराम करा. मी कामाला माणूस ठेवतो." "मग मी कोण आहे, भावजी?" असं म्हणून ती नवऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसली, ती बसलीच. दीर मुळातच भित्रा. टपालवाल्यानं दार जोरात वाजवलं तरी त्याच्या छातीत धडकी भरायची.

ते वर्ष खेळांचं होतं. जगभर स्पर्धांचं नुसतं पेव फुटलं होतं. एकीकडे फुटबॉलचा विश्वचषक, दुसरीकडे पोहण्याचे विक्रम, तिसरीकडे कुस्तीचं जागतिक अजिंक्यपद. त्यात देशाच्या मुलींनी हॉकीत पहिल्यांदाच सोनं आणलं, आणि मग गल्लीगल्लीला स्वतःचा करंडक हवासा झाला. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. फडताळावरच्या छोट्या टीव्हीत समालोचक उठताबसता "इतिहास घडला, इतिहास घडला" ओरडायचा आणि नावाडीण मान वर न करता म्हणायची, "रोजच इतिहास घडतोय, तर भूगोलाला सुट्टी द्या." पण कुणी खरंच जिवाच्या आकांतानं धावत असलं, तर तिची हातोडी थांबायची. तेवढं तिला कळायचं, आणि तेवढ्यापुरती ती खडूस नव्हती.

तशी ती थांबली मॅरेथॉनच्या दिवशी. शेवटच्या वळणावर एक काटकुळी मुलगी सगळ्यांच्या पुढे आली आणि देशाचा जुना विक्रम मोडून रेषेपलीकडे जाऊन उभी राहिली. पडली नाही, रडली नाही, कमरेवर हात ठेवून नुसती उभी राहिली. ती शहर बससेवेत कंडक्टर होती. नावाडिणीला ते उभं राहणं फार आवडलं.

नाव घालण्याआधी नावाडीण जिंकणाऱ्याला बोलावून घ्यायची. कागदावर लिहिलेल्या नावावर तिचा विश्वास नव्हता. माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती छिन्नी उचलायची नाही. कंडक्टर मुलगी आली ती गणवेशातच, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. तिनं नाव सांगितलं. नावाडीण म्हणाली, "पुटपुटू नकोस. बसमध्ये थांब्यांची नावं ओरडतेस ना, तसं सांग." मुलगी हसली आणि असं खणखणीत ओरडली की पुढच्या दुकानात दिराच्या हातातून शिट्ट्यांचा डबा पडला. त्याच दुपारी ते नाव मोठ्या फिरत्या चषकावर गेलं. आधीची सगळी नावं ओळीनं वर होती, हे सगळ्यांच्या खाली.

आणि मग दोन महिन्यांनी त्या मुलीनं तोंड उघडलं. टीव्हीवरच्या मुलाखतीत तिला विचारलं, यशाचं रहस्य काय? ती म्हणाली, "रहस्य हेच की मी इंजेक्शन घ्यायला नकार दिला. आमच्या शिबिरात गुडघे सुजलेल्या मुलींना सुन्न करायची इंजेक्शनं देऊन धावायला लावतात. त्यातल्या दोघींना आता जिना चढता येत नाही." झालं. क्रीडा महासंघाचं पित्त खवळलं. शिस्तभंग म्हणून तिच्यावर बंदी आली, आणि बंदी पुरेशी वाटली नाही म्हणून तिची मॅरेथॉनही रद्द ठरली. ती धावली होती हे सगळ्या देशानं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण आता ती धावलीच नव्हती.

महासंघाचे सचिव स्वतः चषक घेऊन दुकानात आले. वर्षाअखेरच्या गौरव सोहळ्यात सगळ्या खेळांचे विजेते एका व्यासपीठावर येणार होते, आणि त्याआधी हे काम उरकायला हवं होतं.

"बाई, पोरीचं नाव काढायचं," सचिव म्हणाले.

"तिनं ते केव्हाच काढलंय. सगळ्या देशाचं काढलंय," नावाडीण म्हणाली.

"थट्टा नको. हा चषक घ्या, आणि नाव काढा."

"मी नावं घालते, साहेब. तुम्हाला घासायला माणूस हवा असेल तर भांड्यांच्या दुकानात बघा."

दीर मधे पडला. "करतील, साहेब, करतील. वहिनींचं बोलणं तसं आहे, मन साफ आहे." सचिवांनी त्याच्याकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, की महासंघाच्या सगळ्या खेळांचे चषक याच दुकानातून जातात, ते पुढेही जावेत अशी त्यांची इच्छा आहे. एवढं बोलून ते गेले. दीर खुर्चीत मटकन बसला. चषकांचं काम गेलं तर दुकानात उरणार होत्या फक्त शिट्ट्या.

नावाडिणीनं रात्र तळमळत काढली असं मी सांगणार नाही. ती गाढ झोपायची. पण दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्या मुलीच्या बसमध्ये चढली. ती गर्दीची वेळ नव्हती. मुलगी तिच्याशेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मला कळलंय, मावशी. तुम्ही काढून टाका ते नाव. माझ्यासाठी तुमच्या पोटावर पाय नको."

"तुला बरं वाटेल?"

मुलीनं पुढच्या प्रवाशाचं तिकीट फाडलं. मग म्हणाली, "नाही. नाव गेलं की त्या दोघी मुलीही खोट्या ठरतील. मी धावलेच नाही, तर मी सांगितलेलंही कुणी खरं धरणार नाही. पण तुम्ही तरी काय करणार?"

"मी काय करायचं ते मला शिकवू नकोस," नावाडीण भडकून म्हणाली. "आणि पुटपुटू नकोस म्हटलं होतं ना?" पुढच्याच थांब्यावर ती उतरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कुणी बघितलेलं तिला चाललं नसतं.

तिनं थेट सचिवांना फोन लावला. दीर शेजारीच उभा होता, हात जोडून.

"साहेब, मी काम करते. फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे, म्हणजे मागाहून भानगड नको. पोरीचं नाव काढायचं?"

"हो, काढायचं!" सचिवांचा जीव भांड्यात पडल्याचं फोनमधूनही कळलं. "आणि नीट काढा. कॅमेरे जवळून दाखवणार आहेत."

"वरवर काढू की खोल?"

"खोल! चांगलं खोल. आणि त्याच्या खाली दुसरीचं नाव घाला."

"दुसरीचं घालते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तिनं खोलीचं दार लावून घेतलं. दीर पुढे दुकानात बसला होता. तो जन्मला तोच छिन्नीच्या आवाजात. वडील हेच करायचे, भाऊ हेच करायचा. नाव घासून उडवताना हातोडी लागत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि दाराआडून हातोडीचा आवाज येत होता, एकसारखा, ठाम. दोनदा तो उठून दारापर्यंत गेला आणि दोनदा परत येऊन बसला. संध्याकाळी तिनं चषक मखमलीच्या पेटीत घालून त्याच्या हातात दिला, तेव्हा त्यानं झाकण उघडून बघितलं नाही.

सोहळ्याला दोघंही गेले, दीर नव्या शर्टात आणि ती नेहमीच्याच अवतारात. व्यासपीठावर वर्षभराचे चषक मांडले होते. हॉकीच्या मुली आल्या, मल्ल आले, पोहणारे आले, टाळ्या झाल्या. मग मॅरेथॉनची विजेती म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला पुकारलं. ती खाली मान घालून आली. सचिवांनी पेटी उघडून चषक तिच्या हातात दिला, कॅमेरा जवळ गेला, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर चषकाची बाजू उमटली.

कंडक्टर मुलीचं नाव तिथे होतं. आधी नव्हतं एवढं होतं. प्रत्येक अक्षर चांदीचा मुलामा फोडून आत पितळेत गेलं होतं आणि दिव्यांखाली पिवळंधमक चमकत होतं. त्याच्याखाली, बारीक आणि सुबक, हातात चषक धरलेल्या मुलीचं नाव होतं, आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'दुसरी'.

त्या मुलीनं नाव वाचलं, आणि इतका वेळ खाली असलेली तिची मान वर आली. "बरोबर आहे," ती माईकवर म्हणाली, "मी दुसरीच आले होते." तिनं चषक टेबलावर ठेवला, अक्षरं लोकांकडे करून, आणि पायऱ्या उतरून निघून गेली. मागच्या रांगांमधून कुणीतरी कंडक्टर मुलीचं नाव ओरडलं. मग अख्खी रांग ओरडली.

सचिव तावातावानं खाली आले. "मी तुम्हाला नाव काढायला सांगितलं होतं!"

"काढलं की," नावाडीण म्हणाली. "चित्र काढतात, तसं काढलं. नीट म्हणालात, नीट काढलं. खोल म्हणालात, खोल काढलं."

"उद्याच्या उद्या घासून टाकतो मी ते!"

"घासा. पण चषकाला आरपार भोक पडेल, आणि ते भोक कुणामुळे पडलं हे लोक दरवर्षी विचारतील."

सचिवांनी तिचा नाद सोडला आणि मोर्चा दिराकडे वळवला, कारण तो भित्रा आहे हे त्यांना ठाऊक होतं. "तुमचं दुकान संपलं, समजलात? एक चषक येणार नाही. कळतंय का या बाईनं काय केलंय ते?"

दिराच्या नव्या शर्टाची कॉलर घामानं भिजली होती. त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, मग वहिनीच्या हातांकडे.

"कळतंय, साहेब," तो म्हणाला. "नाव काढलं वहिनींनी. माझ्या भावाचं."