माझ्या लायब्ररीतलं ‘कोण रं तू?’

लायब्ररी म्हटलं की आमच्या घरी सगळ्यांना पुस्तकांचीच वाटते. माझी तसली न्हाई. लय जण एकत्र खेळतात ना, तसल्या गेमच्या सर्व्हरला आपला प्रोग्राम जोडायचा म्हंजे आधी नाव सांगायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं, आन मग दर थोड्या सेकंदांनी ‘मी हाय, मी हाय’ करत ऱ्हायचं. न्हाईतर तो हाकलतो. हे सगळं आपोआप करणारा कोड म्हंजे माझी लायब्ररी. सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात मी एकटीनं लिवली. एकटीनं! नेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवली आन वर एकच अट घातली: वापरा, पण माझं नाव काढू नका.

सर्व्हर बंद असला किंवा त्यानं आत घेतलं न्हाई की स्क्रीनवर यायचं, ‘कोण रं तू?’ इंग्लिशमधी काहीतरी सपक लिवायचा मला कंटाळा आलेला.

व्हायवाला माझा नंबर चौथा. मी लॅबच्या दारात उभी. आत माझ्या बेंचवरचा पोरगा प्रोजेक्ट दावत हुता. बाहेरच्या कॉलेजातनं परीक्षा घ्यायला आलेले सर म्हणाले, “सर्व्हर बंद करून दाखव.” त्यानं केला.

‘कोण रं तू?’

घास तोंडात गेल्यावर केस लागावा तसं झालं मला. ह्यानं महिनाभर माझ्या डब्यातली भाकरी-चटणी खाल्लेली, आन मधीच “हे कसं चालतं गं?” म्हणून विचारलेलं. मी येडी, फळ्यावर काढून समजावलं! त्याच्यामागं दुसरा गेला. ‘कोण रं तू?’ तिसरा गेला. ‘कोण रं तू?’ तिघांच्या पण कोडच्या पहिल्या पानावरनं माझं नाव गायब.

मी बसले आन माझ्या पण स्क्रीनवर तेच आलं. सरांनी चष्मा काढला. “तू पण? मुलांकडून घेतलंस ना?”

“न्हाई सर, त्यांनी माझं घेतलंय.”

“चौघंही हेच म्हणतील.”

मागनं बेंचवाला म्हणतो कसा, “सर, आम्ही ग्रुप स्टडी केला.” ग्रुप स्टडी! थुंकावंसं वाटलं मला.

मग एकदम सुचलं. “सर, त्यांच्यात खेळाडूचं नाव मराठीत टाकून बघा.”

आदल्या रविवारी मी साताऱ्याला घरी गेलेले. पप्पा फौजेतनं रिटायर झालेले. म्हणाले, “मला पण घे की तुझ्या गेममधी. नाव लिव, सुभेदार. मराठीत लिव.” लिवलं, तर स्क्रीन पप्पांनाच विचारतीया, ‘कोण रं तू?’ पप्पा ताडकन उठले, “कोण हाय हा? बोलव त्याला हिकडं!” मी हसून हसून खाली बसले. चूक माझीच हुती. मी नावाची अक्षरं काना-मात्रा-उकार सुटे धरून मोजून सर्व्हरला सांगत हुते, पण मराठी अक्षर आत तिप्पट जागा घेतं. पोत्यावर सात लिवायचं आन आत एकवीस भरायचं, असलं झालेलं. मी तिथंच बसून नीट केलं, पण नेटवर अजून टाकलं नव्हतं.

सर्व्हर परत चालू करून सरांनी तिघांच्या कॉम्प्युटरवर ‘सुभेदार’ टाकलं. तिन्हीकडं ‘कोण रं तू?’ माझ्यात टाकलं, सुभेदार गेले आत.

“हे का झालं?” सरांनी तिघांना विचारलं. एक म्हणतो व्हायरस असंल. दुसरा म्हणतो कॉलेजचं नेट स्लो हाय. बेंचवाला कॉम्प्युटरच बंद करून परत चालू करायला लागला.

मी भडाभडा सगळं सांगितलं. सर म्हणाले, “बास, बास, कळलं. तुझंच आहे.”

मला वाटलं, संपलं. कुठलं काय! बाहेरचे सर चहाला गेले आन आमच्या प्रोजेक्टवर देखरेख करणाऱ्या गाईड सरांनी मला केबिनमधी बोलवलं. ते तिघं तिथं आधीच खुर्च्यांत बसलेले. टेबलावर एक कागद हुता: हा प्रोजेक्ट आम्ही चौघांनी मिळून केला. खाली तिघांच्या सह्या झालेल्या. शाई वली हुती अजून.

“टीमवर्क दाखवू,” गाईड सर म्हणाले. “पोरांचं वर्ष वाचंल. तुझे मार्क हायत तेवढेच ऱ्हातील. कर सही, तुझं काय जातंय?”

“माझंच जातंय की सर.”

“लय ताठा बरा न्हाई पोरीच्या जातीला.”

चोरी केली त्यापेक्षा ते तिघं किती आरामात बसल्यात, त्याची किळस आली मला. बेंचवाला पेन पुढं करून हळूच म्हणतो, “कर की गं. आन ते मराठी नावाचं दुरुस्त केलेलं पण पाठव. दाखवायला लागंल.”

मी पेनला हात लावला न्हाई. तिघांनी नावं लिवलेली, चौथी जागा कोरी. ती तशीच ठेवून मी बाहेर आले. मागनं गाईड सर म्हणत हुते, “अगं, इतकं काय त्यात?”